एका चटईपुरती लव्हाळी

फुमिएने बर्फाचा पापुद्रा टाचेने फोडला आणि ती चिखलात उतरली. डिसेंबरची लावणी ती पहिल्यांदाच एकटी करत होती. जपानमधल्या यात्सुशिरोजवळच्या त्या वस्तीत लव्हाळी लावणारं हे एकच घर उरलं होतं; बाकीच्यांनी कधीच कोबी धरला होता.

नवरा तोकुइची त्याच शरदात अर्धांगाने आडवा झाला होता. घरी चाकांची खाट आली. ती नीट सरकावी म्हणून मुलीने, मिसाकोने, खोलीत जमिनीवर अंथरलेल्या लव्हाळ्याच्या जाड चटया, तातामी, काढून गुळगुळीत फळ्या बसवून घेतल्या. तोकुइची चांगला हात खाटेखाली सोडून नुसता जमीन चाचपत राहिला. ते बघून फुमिएने ठरवलं, त्याच्यासाठी एक चटई तरी विणायची.

शेजारच्या कुवानोने बांधावरून हटकलं, "वहिनी, घरात आजारी माणूस. यंदा राहू द्या की."

"एका चटईपुरतीच लावतेय," ती म्हणाली.

मे महिन्यात तिने शेंडे छाटले, नवे कोंब जोमाने फुटले. पण ते उंच होत असतानाच तोकुइचीला न्यूमोनिया झाला आणि ती दवाखान्यात अडकली. आधाराची जाळी वर उचलायची राहून गेली. परतली तेव्हा अर्धी लव्हाळी वाऱ्याने लोळली होती. बांधावर बसून ती रडली. मग उभी होती तेवढी तिने राखली.

जुलैत कुवानो न बोलावता कापणीला आला. रंग टिकावा म्हणून मातीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली एक पेंढी तिने खाटेवर ठेवली. तोकुइचीने काड्या बोटांतून ओढून बघितल्या, नाकाशी नेल्या.

"जाळी उशिरा उचललीस."

"हो. चुकलंच."

एक काडी पुन्हा नाकाशी नेत तो म्हणाला, "चालेल."

चटई मागावर असतानाच तो गेला. मिसाको म्हणाली, "आई, बाबांना खाटेवरच राहू दे. फळ्यांवर कसं ठेवायचं?"

फुमिए मागाकडे गेली आणि उरलेलं विणायला बसली. मिसाको थोडा वेळ दारात उभी राहिली, मग आत येऊन आईच्या हाताशी काड्या देऊ लागली.

दुपारी चटई पुरी झाली तेव्हा कुवानोही आला, आणि तिघांनी मिळून त्याला खाली तिच्यावर घेतलं. लोक येईपर्यंत फुमिए उशाशी बसून होती. चटईच्या कडेला एक आखूड काडी वर आली होती. तिने ती नखाने आत दाबली. काडी पुन्हा वर आली. तिने पुन्हा दाबली.