बर्मावाल्यांचं घर

कुडपण गावात कुणी बायकोला बडवायला लागलं की शेजारपाजारचे एकमेकांना सांगत, "बर्मा पेटला." हे बोलणं पडलं रामजीमुळं. रामजी म्हणजे बर्मावाल्यांच्या नीलेशचा आजा. मोठ्या लढाईच्या वेळी तो हवाई दलात होता. बर्मात आपल्या डोळ्यांदेखत सात सोबती विमानासकट जळून कोळसा झाले, असं सांगायचा. आणि सांगायचा कधी, तर बायकोला मारून झाल्यावर. कमरेचा फौजी पट्टा काढायचा, पितळी बक्कलानं ठकूबाईला फोडून काढायचा आणि हात दमला की तिच्याच मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडायचा. एकदा बक्कल तिच्या डाव्या कानावर बसलं. कानातून रक्त गळतंय आणि ही बाई नवऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवतेय, आता बोला. तो कान कायमचा गेला, आणि पुढं वयानं उजवाही मंद झाला.

रामजी मरून वीस वर्षं झाली, पण पट्टा काही मेला नाही. तो त्याच्या मुलाकडं, महिपतकडं आला. महिपतला लढाई कशाशी खातात हेसुद्धा ठाऊक नव्हतं, पण बायकोवर, सुरेखेवर, पट्टा चालवताना ऐट काय विचारता. "फौजी रक्त हाय," म्हणायचा. मग ठकूबाई सुनेच्या वळांवर हळद लावायची आणि म्हणायची, "सोस गो. बापसानं लय भोगलान. तेच पोराच्या रक्तात उतारलंय."

नीलेश हा महिपतचा मुलगा. महाडला कारखान्यात नोकरीला होता. मागच्या शिमग्यात त्यानं आपल्या बायकोच्या, निशिगंधाच्या, थोबाडीत दिली आणि त्याच्या मनात पहिला विचार काय आला, तर आपल्या रक्तातच आहे हे. गालावरची बोटं दोन दिवसांत गेली, पण त्या विचाराची लाज त्याला अजून छळत होती.

सन पंच्याण्णवला ग्रामपंचायतीनं ठरवलं, लढाई संपून पन्नास वर्षं झाली, तर गावातून गेलेल्यांच्या नावांचा दगडी खांब उभारू. सरपंच भिकाजीची अट एकच होती, कागद दाखवा आणि नाव लावा. बापाचं नाव सगळ्यात वर हवं म्हणून महिपत नीलेशच्या मागं लागला. घरात रामजीचा एकही कागद नव्हता. पण पट्ट्याच्या आतल्या बाजूला त्याचा फौजी नंबर ठोकलेला होता. नीलेशनं तो नंबर लिहून हवाई दलाच्या रेकॉर्ड कचेरीला अर्ज धाडला. सात महिन्यांनी महाडच्या खोलीवर लखोटा आला. त्यानं तो तीनदा वाचला. आजा बर्मात कधी गेलाच नव्हता.

हे घरी कळलं तर बाप आधी आईलाच धरणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. कागद सापडला नाही म्हणून सांगायचं, असं ठरवून नीलेश खंडेनवमीला गावी निघाला. तरी लखोटा खिशात घेतलाच. का घेतला ते त्याचं त्याला ठाऊक.

खंडेनवमीला घरोघर हत्यारं पुजतात, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. बर्मावाल्यांच्या पाटावर मधोमध तो पट्टा असायचा आणि त्याला हळदकुंकू ठकूबाई स्वतः वाहायची. ज्या बाईनं तो अंगावर खाल्ला तिनंच तो पुजायचा, आणि यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं.

नीलेश पोचला तेव्हा पूजा झाली होती. कागदाची वाट बघत महिपत, भिकाजी आणि भावकीतले चौघे अंगणात बसले होते. सुरेखा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिचा वरचा ओठ चिरलेला, एक डोळा सुजून बंद झालेला.

"काय झालं, आई?"

"शेरडं नाचणीत शिरली," ती म्हणाली.

बस्स. नीलेशचं डोकं फिरलं. ठरवलेलं सगळं राहिलं बाजूला. त्यानं लखोटा काढला आणि तिथंच उभ्यानं मराठी करून वाचायला सुरुवात केली. रामजी, भरती सन त्रेचाळीस. नेमणूक, पंजाबातल्या डेपोत, कपड्यांच्या कोठारात. देशाबाहेर सेवा, नाही. शिक्षा, धोब्याला पट्ट्यानं मारून जबडा फोडल्याबद्दल अठ्ठावीस दिवस कैद. पुन्हा तोच गुन्हा केल्यामुळं नोकरीतून काढून टाकलं.

महिपतची पहिली चपराक बसली तेव्हा नीलेशला ती दिसलीसुद्धा नाही. तो ओट्याच्या कडेवर आदळला. "माज्या बापाला उघडा पाडतोस?" महिपतनं त्याच्या बरगडीत लाथ घातली, कागद हिसकला आणि टराटरा फाडला.

ठकूबाई ओट्यावर पाटाशेजारी बसली होती. तिला ओठ हललेले दिसले, मार दिसला, पण शब्द काही पोचले नाहीत. "काय लिवलंय त्यात? मोठ्यान सांग रे कुनीतरी."

कोण सांगणार? नीलेश बरगडी धरून तिच्यापर्यंत सरपटत गेला आणि तिच्या उजव्या कानाशी जीव खाऊन ओरडला. खालच्या वाडीतली माणसं अंगणात आली, एवढ्या मोठ्यानं. "आजी, आजा बर्मात गेलाच नव्हता. कपड्यांच्या कोठारात होता. माणसाला पट्ट्यानं फोडला म्हणून हाकलला त्याला."

"मंग ती सात मान्सं?"

"कुणी जळलं नाय, आजी."

महिपतनं पाटावरचा पट्टा उचलला. झेंडूची फुलं ओटाभर उडाली. पहिल्या फटक्यात बक्कलानं नीलेशची भुवई उघडली आणि रक्त डोळ्यांत उतरलं. दुसरा फटका पडायच्या आत सुरेखा मुलाच्या अंगावर आडवी झाली. मग महिपतनं मोजलंच नाही. चोळी फाटली, पाठीचं कातडं सोललं, बक्कल हाडावर वाजायला लागलं. अंगणातली माणसं नेहमीसारखी आपापल्या पायांकडं बघत उभी होती.

ठकूबाई उठली. भिंतीला धरत धरत आली आणि पट्ट्याच्या समोर उभी राहिली.

"आये, बाजूला हो."

"त्याचा बर्मा खोटा व्हता," ती म्हणाली. "तुजा कंचा रे? तू कंदी गेलास लढाईवर? सांग की."

 महिपतचा हात वर होता तो खाली आला, आईवर आला. तिनं मनगट आडवं धरलं होतं. हाड मोडल्याचा आवाज अंगणात सगळ्यांनी ऐकला.

तेव्हा कुठं भिकाजी हलला. तो ओट्यावर चढला, त्याच्यामागून बाकीचे. महिपतनं त्याच्या हाताचा लचका तोडला, एकाच्या पोटात गुडघा घातला. चौघांनी त्याला पालथा पाडला, तोंड जमिनीवर दाबलं आणि शेरडांच्या दाव्यानं हात मागं बांधले. तोंडात माती गेली तरी तो शिव्या देत होता. भिकाजीच्या हातातून रक्त ठिबकत होतं. "लढाईतला मानूस म्हनून गप रायलो आमी," तो म्हणाला. हे त्यानं कुणाला सांगितलं देव जाणे. ऐकणाऱ्या एकालाही मान वर करायची हिंमत झाली नाही.

ठकूबाई मोडलेला हात छातीशी धरून सुनेजवळ बसली. "पन्नास वर्सं त्या मेल्याची कीव केली मी," ती म्हणाली. ऐकू कमी येत असल्यामुळं तिचं कुजबुजणंही सगळ्यांना ऐकू जायचं. "मारायचा तो, आनि कीव मलाच यायची. आनि तुला म्हनलं, सोस. माजं चुकलं गो, सुरेखा. लय चुकलं."

ती धड्या हातानं सुनेच्या पाठीला शिवायला गेली. सुरेखेनं तो हात धरला आणि हळूच, अगदी हळूच, बाजूला ठेवला.

"आत्या," तिच्या उजव्या कानाशी वाकून ती म्हणाली, "तुमाला निदान त्यांनी खोटं तरी सांगितलेनी. मला सोस म्हनून तुमी सांगितलात."

मग ती नीलेशच्या खांद्याला धरून उठली. दोघं पायऱ्या उतरून पोलादपूरच्या वाटेला लागली. ठकूबाई मागून तिला हाका मारत होती, पण सुरेखेनं वळून बघितलं नाही.