गेणूनं मापानं वाटलेले हंडे

बजरंगच्या वहीत सात पिढ्यांचे बाप्ये ओळीनं बसले होते आणि बाई एकही नव्हती. लोणावळ्याला रेल्वेत चिकटल्यापासून त्याला हे वेड लागलं होतं. कोण कुठून आला, कुणी कुठलं रान फोडलं, हे विचारून त्यानं वडिवळ्यातल्या म्हाताऱ्यांना भंडावून सोडलं होतं. रविवारी त्याच्या पोराचं जावळ. सगळी भावकी जमणार, तिच्यापुढं वही वाचायची आणि मग पुढच्या पिढ्यांसाठी देव्हाऱ्याखाली जपून ठेवायची, असं ठरलं होतं.

त्याच्या आईला, धोंडाबाईला, वाचता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "ह्यात माज्या आत्याबाई कुटं हायेत?"

आत्याबाई म्हणजे तिची सासू. धोंडाबाई स्वतः माहेरची गोजरा, आठव्या वर्षी या घरात आली आणि मांडवातच धोंडाबाई झाली. का, ते कुणी सांगितलं नाही. पोरींना कारणं सांगायची पद्धत नव्हती. त्या रडणाऱ्या पोरीला कुशीत घेऊन निजवलं ते आत्याबाईंनी. भाकरी थापायला शिकवलं त्यांनीच. आणि त्यांचं नाव आज कुणालाच ठाऊक नव्हतं! सून आत्याबाई म्हणायची, लेक आय म्हणायचा, गाव म्हाद्याची आय म्हणायचं, आणि सासऱ्यांनी तर बायकोचं नाव कधी तोंडातून काढलंच नाही. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"त्यांचं नाव न्हाई तर वही न्हाई," धोंडाबाईनं निकाल दिला. "आन् रविवारी पुरनबी न्हाई."

मग तिलाच आठवलं. आत्याबाईंच्या वडिलांनी लग्नात तांब्याचा हंडा दिला होता, त्याच्यावर नाव घालून. हंडा तर घरातच होता. बजरंगनं तो चिंचेनं घासला, टिंबाटिंबांची अक्षरं उन्हात धरली आणि वाचलं, "पुतळाबाई." झालं! वहीत शाईनं पुतळाबाई चढली, धोंडाबाईनं गल्लीभर गूळ वाटला.

गूळ तोंडात टाकता टाकता शेजारच्या सरुबाईनं विचारलं, "पुतळाबाई? आगं, ती माजी सासू!"

सरुबाईचा नवरा गेणू हळूच उठून चालायला लागला. त्याला धरून बसवलं तेव्हा तीस वर्षांचं गुपित बाहेर पडलं. गावात लग्न निघालं की घरोघरचे हंडे मांडवात गोळा व्हायचे, नावं बघून परत जायचे. तीस वर्षांपूर्वीच्या एका लग्नात ते काम गेणूकडं आलं. गेणूला अक्षर येत नव्हतं आणि तसं सांगायची लाज वाटली. त्यानं हंडे मापानं वाटले. मोठं घर, मोठा हंडा.

मग काय विचारता! दुपारपर्यंत गावातला प्रत्येक हंडा मारुतीच्या पारावर आला. बजरंग एकेक नाव वाचायचा आणि गर्दीतून कुणीतरी हात वर करायचं. पलीकडच्या आळीतल्या दोघी जावा दहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्या इतकी वर्षं एकमेकींच्याच हंड्यातलं पाणी पीत होत्या. त्यांना इतकं हसू आलं की भांडण कशावरून होतं तेही आठवेना. धोंडाबाई सगळ्यांबरोबर हसत होती, पण हंडे संपत आले तसं तिचं हसू आटत गेलं. शेवटचा हंडाही दुसऱ्याचाच निघाला.

"आत्याबाई गेल्या त्या गेल्याच," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

सरुबाईचं लक्ष तेवढ्यात नवऱ्याकडं गेलं. दुपारपासून गेणू गंमत बघत एका काळ्याकुट्ट, पालथ्या भांड्यावर बसला होता. त्याच्याच घरचा, आंघोळीचं पाणी तापवायचा तो हंडा, त्यानं बसायला म्हणून उचलून आणलेला. काजळीखाली तांबं आहे हेच सगळे विसरले होते. त्याला उठवलं. चिंच, राख, काथ्या घेऊन चार बायका तुटून पडल्या. बजरंगनं वाकून वाचलं, "सौ. गोजराबाई, मुक्काम वडिवळे."

धोंडाबाईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. हंडा आत्याबाईंचा आणि नाव तिच्या माहेरचं. एका घरात सासूचं नि सुनेचं नाव एक चालत नाही, म्हणून मांडवात पोरीचं नाव बदलतात, हे तिनं दुसऱ्यांच्या घरी कितीदा पाहिलं होतं. आपल्या घरी बघायचं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. आत्याबाईंनी तिला एकदाही धोंडा म्हणून हाक मारली नव्हती, जन्मभर 'बाय' म्हणाल्या. त्यांच्यामुळं पोरीचं नाव गेलं होतं, आणि दुसऱ्या नावानं हाक मारायला त्यांची जीभ रेटली नव्हती.

आणि मग ती जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कुणाला काही कळेना. कळलं तेव्हा सगळा पार हसला.

रविवारी भावकीपुढं वही उघडली. पुतळाबाईवर काट मारली होती. खाली सासूच्या जागी गोजराबाई आणि सुनेच्या जागीही गोजराबाई. एका चुलत्यानं वहीवर बोट ठेवून सांगितलं, की पोरानं तेच नाव दोनदा उतरवलंय.

पुरणाचं पातेलं उतरवता उतरवता धोंडाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भावजी. आमी दोगी एकाच घरात व्हतो."