डब्याला दार नव्हते

मी एक म्हातारा हॅमस्टर आहे. वय अडीच वर्षे. हसू नका, मित्रांनो, आमच्यात इतकी वर्षे जगणाऱ्याला आबाच म्हणायला हवे. दिसायला मी उंदराचा गुबगुबीत भाऊबंद. शेपूट नावापुरती, पाठ तांबूस सोनेरी. माझा एक कान अर्धाच आहे. तो माझ्या सख्ख्या भावाने तोडला, आणि मी त्याचा जीव घेतला. ही गोष्ट गोड करून सांगता येत नाही, म्हणून आहे तशी सांगतो.

धुळ्याच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खोलीत आम्ही आठ भावंडे जन्मलो. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. कोणीतरी हौसेने आम्हांला उचलून पाहिले. आई बिथरली आणि तिने सहा पिले खाऊन टाकली. तिला वाईट म्हणू नका. घाबरलेली आई आमच्यात असे करते. उरलो आम्ही दोघे. महिनाभराने आम्हांला वेगवेगळे पिंजरे मिळाले आणि मी सुखी झालो. दिवसा झोपायचे, अंधार पडला की माती उकरायची, गालांच्या पिशव्यांत बाजरी ठासून बिळात न्यायची. माझे बीळ, माझी बाजरी. तिथे दुसऱ्याचे काय काम?

ब्याण्णव सालच्या दिवाळीत कॉलेज बंद झाले. आधार नावाचा तिथला शिपाई आम्हांला एसटीने पारोळ्याजवळच्या आपल्या गावी घेऊन निघाला. प्राणिशास्त्राच्या सरांनी त्याला बजावले होते, "दोघांना वेगळे ठेव. एकत्र ठेवलेस तर एक मरेल." आधारने मान हलवली.

त्याच्या अंगणात मधोमध कोरी भिंत उभी होती. आधार आणि त्याचा धाकटा भाऊ देवचंद त्याच वर्षी वेगळे झाले होते. बोलणे बंद. विहीर तेवढी सामाईक, तिच्यावर दोघांच्या मोटरी एकेका दिवसाच्या पाळीने चालायच्या.

आधारची बायको कलाबाई आम्हांला वेगवेगळ्या डब्यांत पाहून विचारू लागली, "भाऊ-भाऊ शेतस ना ह्या? मंग न्यारा न्यारा डबामा काबर?"

आधार भिंतीकडे बघत म्हणाला, "एकला जीवले करमत नही. आम्हना आंगणमा एक भित शे, तेवढी पुरे."

त्याने रॉकेलचा रिकामा डबा धुतला, अर्धा मातीने भरला, वर जाळी बांधली आणि दोघांना आत सोडले. त्याचे डोळे भरून आले होते. स्वतःच्या घरात जे जमले नाही ते त्याला डब्यात घडवायचे होते. बिचारा!

मी लगेच बीळ खोदले. दिवेलागणीला भाऊ आत शिरला. त्याचा वास आला आणि माझे डोके फिरले. मी दात करकरवले. त्याने कान धरला, मी पोट धरले. आम्ही एकमेकांना कवटाळून गडगडलो, मातीत रक्त, डोळ्यांत माती. थोड्याच वेळात तो हरला. मित्रांनो, मोकळ्या माळावर हरलेला पळतो आणि जिंकलेला त्याला जाऊ देतो. भाऊ पळाला, पत्र्यावर आपटला, पुन्हा पुन्हा पळाला, दर वेळी माझ्याच पुढ्यात आला. मी त्याचा गळा फोडला. आधारने हात घातला तेव्हा मी त्याचा अंगठाही हाडापर्यंत चावलो.

त्या रात्री आधारने अंगठ्याला चिंधी बांधली. सकाळी त्याने सगळा राग विहिरीवर काढला. पाळी देवचंदची असताना त्याची मोटर बंद करून आपली चालू केली आणि पाणी आपल्या गव्हाकडे वळवले.

देवचंद कुऱ्हाड घेऊनच अंगणात आला. "मन्ही पाळी व्हती! मोटर कोनी बंद करी?"

कुऱ्हाडीचा दांडा आधारच्या कपाळावर बसला. रक्त भुवईवरून ओघळले. आधारने काठी हाणली. देवचंदच्या मनगटाचे हाड मोडल्याचा आवाज मला ओट्यावरच्या डब्यात ऐकू आला. कुऱ्हाड खाली पडली, ती आधारने उचलली. देवचंद मागे सरला आणि नव्या भिंतीच्या कोपऱ्यात अडकला. फाटकाच्या वाटेत आधार उभा होता. मी ओळखले, आता काय होणार ते.

कलाबाईने धावत जाऊन फाटक सताड उघडले आणि ओरडली, "डबाले दार नव्हतं म्हनीसन तो मरी गया! आंगणले त दार शे. जाऊ द्या त्यासले!"

आधार बाजूला झाला. देवचंद मोडका हात छातीशी धरून निघून गेला.

त्याच आठवड्यात आधारने कुदळीने भिंतीला माणूस जाईल एवढे भगदाड पाडले. दोघे गळ्यात पडले असे समजू नका. अजूनही कामापुरतेच बोलतात. सरांनी आधारला खूप झापले, पण त्याच्या विनवणीवरून मला त्याच्याकडेच राहू दिले. मग महिनाभराने भगदाडातून एक डावा हात आला आणि माझ्या जाळीतून भुईमुगाच्या तीन शेंगा टाकून गेला. उजवा प्लास्टरमध्ये होता.

मित्रांनो, आमच्यापैकी कोणाला घरी न्याल तर एकट्यालाच ठेवा. त्यात आम्हांला दुःख नाही. आणि तुमची भांडणे झालीच, तर हरणाऱ्याच्या वाटेत उभे राहू नका. माझा भाऊ चार वेळा पळाला होता. मी मोजले आहे.