दसऱ्याला उडालेलं विमान

रविवार, १७ ऑक्टोबर २०१०. सकाळी दहा वाजून त्रेपन्न मिनिटांनी, ऑन्टारिओतल्या लंडन शहराच्या दक्षिणेला, कापणी झालेल्या मक्याच्या शेतांमधल्या गवताळ धावपट्टीवरून एक पिवळं, दोन सीटचं विमान उडालं. आत कुणी नव्हतं.

विमान १९४६ सालचं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, अंगावर कापड. लंडनमध्ये सॉफ्टवेअरचं काम करणारा रविकांत टिळेकर आणि हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळ वसईचे मॉरिस डाबरे यांनी ते सहा वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून बाहेर काढलं, तेव्हा शेपटीत रकूनची पिल्लं होती. वेल्डिंग मॉरिसचं, रंग रविकांतचा, कापडाची शिवण रविकांतची बायको सीमाची. तिघंही त्याला ‘म्हातारी’ म्हणत. उडवायचं लायसन्स एकट्या रविकांतकडे होतं. उड्डाणाची परवानगी आली आणि सीमाने दिवस ठरवला, दसरा.

या विमानाला स्टार्टर नाही. पुढे उभं राहून पंखा हाताने फिरवावा लागतो. तोवर विमान पळू नये म्हणून दोन बंदोबस्त असतात. चाकांपुढे लाकडी ठोकळे आणि शेपटीपासून जमिनीतल्या खुंटाला बांधलेली दोरी. इंजिन सुरू झालं, वैमानिक आत बसला, की मग दोन्ही काढायचे.

दहाच्या सुमाराला पाने, हातोडी, टॉर्क रेंच पाटावर मांडून पूजा झाली. सीमा झेंडूची माळ पंख्याला बांधायला निघाली.

“पंख्याला बांधशील तर कोशिंबीर होईल,” मॉरिस म्हणाले. ते चर्चमधली सकाळची मिसा करून थेट आले होते. “शेपटीला बांध.”

“आणि लिंबं?”

“इंजिनियरच्या घरात लिंबं.”

“अंकल, पॅनेलवर वेलंकनी मातेचं पदक कुणी चिकटवलंय?”

“ते सेफ्टी इक्विपमेंट आहे,” मॉरिस म्हणाले.

इथपर्यंत तिघांचं एकमत आहे. पुढची पाच-सहा मिनिटं तिघांकडे तीन आहेत.

रविकांतने पंखा पाच वेळा फिरवला. इंजिन खोकलं, लागलं नाही. स्विच बंद करून तो हात पुसायला हँगरमध्ये गेला. सीमाचं म्हणणं असं की तेवढ्यात तिने चाकांपुढचे ठोकळे काढून तिथे लिंबं ठेवली. ठोकळा तसाच ठेवला तर चाक लिंबावरून जाणार कसं? त्या वेळी शेपटीची दोरी बांधलेली होती, हे तिने पाहिलं. मॉरिसचं म्हणणं असं की दोरीखाली माळ दबत होती, म्हणून वीतभर खाली पुन्हा बांधायला त्यांनी दोरी सोडली. त्या वेळी ठोकळे जागेवर होते, हे त्यांनी पाहिलं.

रविकांत परत आला, स्विच चालू केला, पंख्याला हात घातला. त्याची नजर पात्यावर होती. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं.

विमान पुढे सरकलं. रविकांतने पंखाचा आधारदांडा धरला, वीसेक पावलं धावला आणि पडला. मॉरिसच्या हातात दोरीचं टोक राहिलं. सीमा आरतीचं ताट घेऊन उभी होती. दोनशे मीटरवर म्हातारीने गवत सोडलं आणि ती सावकाश डावीकडे वळली.

“अरे, ती नीट वळतेय,” मॉरिस म्हणाले.

टाकीत दोन तासांचं पेट्रोल होतं. अकरा वाजून पाच मिनिटांनी सोयाबीन काढणाऱ्या एका शेतकऱ्याने ते पाहिलं. अकरा पंचवीसला ईरी तलावाच्या काठच्या गावात, चर्चबाहेर एका बाईने. तिने पोलिसांना सांगितलं की तिने हात हलवला तेव्हा आतल्या माणसानेही हलवला. दोनदा विचारलं, दोनदा तेच सांगितलं. त्यानंतर कुणी पाहिलेलं नाही. जमिनीवर काही पडल्याची खबर नाही, कुणी जखमी नाही.

धावपट्टीवर लिंबं सापडली. डावं चिरडलेलं, उजवं अख्खं. अख्ख्या लिंबाचा अर्थ कुणालाच लावता आला नाही.

तपास अधिकाऱ्याने रविकांतला फॉर्म दिला. शुक्रवारपर्यंत घटनाक्रम लिहायचा. आधी दोरी की आधी ठोकळे, म्हणजे दुसरा बंदोबस्त कुणी काढला, ते नावानिशी. शिवाय एक प्रश्न होता, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, किती पुढे होता? कमी असता तर विमान फार तर गवतात घुटमळलं असतं, अधिकारी म्हणाला; सापडलं तर दांड्याच्या जागेवरून कळेलही. थ्रॉटल फक्त रविकांतने लावला होता. नेहमीसारखा बोटभर, असं त्याने सांगितलं. घरी आल्यावर पाचव्या झटक्यानंतर आपण तो आणखी ढकलला का, हे त्याला आठवेना.

बुधवारी दुपारी मॉरिसचा फोन आला. “रवी, लिहून टाक. चूक माझी. ठोकळे मी बघितलेच नव्हते.”

संध्याकाळी जेवताना सीमा म्हणाली, “माझं नाव लिही. शेपटीकडे मी पाहिलंच नाही.”

“रविवारी तर ठाम सांगत होतीस.”

“रविवारी तसंच आठवत होतं.”

“अंकलशी बोललीस का?”

“नाही. का?”

रविकांतने भात कालवला आणि तो तसाच ठेवला. “विमान सापडलं पाहिजे,” तो म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, “किंवा नको.”

गुरुवारी सकाळी पोलिसांचा फोन आला. तलावाच्या वाळूवर झेंडूची माळ मिळाली होती. तुमचीच का? या आठवड्यात निर्माल्य सोडायला बरेच लोक किनाऱ्यावर येऊन गेलेत, असंही अधिकाऱ्याने सांगितलं. ओळखायची खूण काय?

सीमा म्हणाली, पांढऱ्या दोऱ्यात ओवली होती. रविकांतला दोरा हिरवा आठवत होता. मॉरिसना फोन लावला. ते म्हणाले, दोरा कसला, मी तांब्याच्या तारेने बांधली ना शेपटीला.

माळेला तार नाही. दोरा हिरवा आहे. घटनाक्रमाचा रकाना गुरुवारी दुपारपर्यंत कोरा होता.