गुलाबी चिठ्ठी

आमच्या बेटावर गुलाबी चिठ्ठी सगळ्यांना ठाऊक. नको त्या जागी फोड आला की दवाखान्यातली नर्स गेत्रुदा दोन चिठ्ठ्या द्यायची, एक आपली आणि एक बायकोची, तिनेही येऊन औषध घ्यावं म्हणून. अक्षरशत्रू म्हातारीसुद्धा तो रंग लांबून ओळखायची. मग मासळी वाळवताना बायका दिवसभर खिदळायच्या.

मी दागा पकडतो, ती दिव्याला भुलणारी बोटभर मासळी. अंधाऱ्या रात्री दूरच्या मासेमारी तळावर काढायच्या आणि चांदणं वाढलं की घरी यायचं. तळावरच्या एका बाईकडून मी तो फोड आणला. दुखत नव्हता, म्हणून महिनाभर गप्प बसलो. तोवर माझ्या बायकोला, क्वांदूलाही झाला. तिने ते दबकत मलाच सांगितलं. मी म्हणालो, उष्णता झालीय तुला.

मग दवाखान्यात गेलो. गोळ्या घेतल्या, पण तिची चिठ्ठी दिव्याच्या डब्यात लपवली. झाकली मूठ सव्वा लाखाची! माझ्याच गोळ्यांतल्या निम्म्या तिला उष्णतेच्या म्हणून दिल्या. नवरा स्वतःच्या हाताने औषध देतो, असं ती शेजारणींना कौतुकाने सांगत फिरली. मी ते ऐकलं आणि जाळं विणत राहिलो.

निम्म्या गोळ्यांनी दोघांचेही फोड बसले, पुन्हा आले. माझं तळावर जाणंही चालूच होतं. पुढच्या वर्षी क्वांदूचा ताप हटेना. गेत्रुदाने आधी तिचं रक्त तपासलं, मग माझं. दोघांनाही एचआयव्ही.

"फोड म्हणजे उघडं दार, बाबा," ती मला बाजूला घेऊन म्हणाली. "त्यातून हा आजार सहज शिरतो. तुझ्यात शिरला, मग हिच्यात. हिचं दार वेळेत बंद झालं असतं, तर कदाचित वाचली असती. मी चिठ्ठी दिली होती ना?"

जाळ्याला दोन बोटांचं भोक असलं तरी होडी पाण्यात न घालणारा माणूस मी.

घरी येऊन डब्यातली चिठ्ठी क्वांदूपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देईल, निदान रडेल. तिने चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून तिच्या घड्या सरळ केल्या.

"होलोच्या बाबा, दवाखाना अर्ध्या तासावर होता. मी चालत गेले असते."

"लोक हसले असते," मी कसंबसं म्हणालो.

"हसले असते," ती म्हणाली. "किती दिवस हसले असते?"