नवव्या फेरीआधीचे मिनिट

मित्रांनो, मी एक जुने स्टूल आहे. बसायला एक चौकोनी फळी आणि चार आखूड पाय, एवढाच माझा देह. पनामातल्या कोलोन शहरात आर्चिबोल्ड वस्तादांची बॉक्सिंगची तालीम होती. माझे सारे आयुष्य तिथे गेले.

मला ह्यूबर्ट नावाच्या सुताराने घडवले. समुद्राकडचे एक लाकडी घर पाडले होते. त्याच्या जिन्याच्या पायऱ्यांतून मी झाले.

वस्ताद त्याला म्हणाले होते, "मजबूत कर बाबा. माझी पोरं बसत नाहीत, कोसळतात."

"मग वर उशी लावून देऊ का?"

"नको. बरं वाटलं तर उठायची नाहीत."

माझे काम एका मिनिटाचे असे. तीन मिनिटे लढत चाले, मग घंटा होई. मला दोऱ्यांखालून रिंगणात सरकवत आणि थकलेला माणूस माझ्यावर येऊन बसे. वस्ताद त्याच्या तोंडावर पाणी मारत, जखमेवर बोट दाबत, कानात बोलत. पुन्हा घंटा झाली की तो उठे आणि मला बाहेर ओढत. लोक लढत पाहत. मी मात्र ते मधले मिनिटच पाहिले. माणूस दमला की त्याचे वजन वाढते, हे मला तिथे कळले.

एकदा वर्तमानपत्रात माझा फोटोही आला होता. विजेता खांद्यावर, वस्ताद शेजारी आणि कोपऱ्यात माझे दोन पाय. वस्तादांनी तो भिंतीवर लावला. पावसाळ्याच्या ओलीने त्यातले चेहरे गेले. माझे पाय बरेच दिवस दिसत होते.

आता एव्हरार्डो ब्लेकची गोष्ट सांगते. तो चौदा वर्षे माझ्यावर बसला. बंदरात माल उतरवायचा आणि संध्याकाळी तालमीत यायचा. बोलणे थोडे, डावा हात जबरदस्त. तेहतीस वर्षांचा झाला तरी त्याचे नाव पनामाच्या बाहेर कुणाला ठाऊक नव्हते. एका सकाळी लढती ठरवणारे कास्त्रेयोन तालमीत आले आणि त्यांनी दोन नावे पुढे ठेवली. एक होता चिरिकी प्रांताचा दमलेला गडी, बारा वेळा हरलेला. दुसरा कोलंबियाचा तोमास बारिओस. वय बावीस, डावखुरा, एकदाही न हरलेला. त्याच्यासमोर उभे राहायला वर्षभर कुणी तयार नव्हते.

"पहिला घे. घरी जेवायला वेळेवर पोचशील," कास्त्रेयोन म्हणाले.

एव्हरार्डोने हाताच्या पट्ट्या सोडता सोडता सांगितले, "बारिओस."

 वस्तादांनी मला उचलून उगाच दुसऱ्या भिंतीला ठेवले.

त्या दिवसापासून सगळ्या गल्लीला एकच विषय मिळाला. तालमीच्या दाराशी न्हाव्याचे दुकान होते. तिथला गप्पांचा आवाज माझ्यापर्यंत येई.

"छाती लागते त्याला," न्हावी म्हणायचा.

"कसली छाती? डोकं लावलंय त्यानं," खुर्चीतले गिऱ्हाईक म्हणायचे. "जिंकला तर जगाच्या यादीत नाव. हरला तर म्हणायला मोकळा, की वाघाशी लढलो. त्या चिरिकीच्या म्हाताऱ्याला हरवून काय मिळणार होतं?"

"मग तू का नाही लावत असं डोकं? चल, उद्या तुझं नाव देतो."

"आधी दाढी पुरी कर."

रेडिओवाला आला तेव्हा एव्हरार्डोने छाती पुढे काढून सांगितले, की कोलोनचा माणूस कुणाला घाबरत नाही. त्याची बायको इल्सा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली, माझ्यावर बसली आणि तो खात असताना त्याच्याकडे बघत राहिली.

"मला खरं सांग. का घेतलीस?"

"ऐकलंस की रेडिओवर."

"रेडिओला सांगितलंस ते ऐकलं. मला सांग."

बराच वेळ तो नारळातला भात चिवडत राहिला. मग म्हणाला, "सोपी लढत जिंकलो की लोक टाळ्या वाजवतात आणि मला लाज वाटते. हे एक. आणि जिंकलो तर यादीत नाव लागेल. तेही हवंय मला. चौदा वर्षं झाली, इल्सा."

"यातलं जास्त कुठलं?"

"दिवसा एक वाटतं, रात्री दुसरं."

"भीती वाटते का?"

"ती दोन्ही वेळेला वाटते."

इल्साने डब्याला झाकण लावले. "मग रेडिओवर तेवढं वगळलंस होय," ती म्हणाली, आणि जाता जाता तिने त्याच्या मानेवर हात ठेवला.

लढत रविवारी दुपारी झाली. पत्र्याच्या छपराखाली उकाड्याने जीव नकोसा झाला होता. पहिल्या चार फेऱ्यांत एव्हरार्डो माझ्यावर जेमतेम टेकत होता. पाचवीत त्याच्या डाव्या ठोशाने बारिओस गुडघ्यावर आला. माणसे बाकांवर चढली. त्या मिनिटाला एव्हरार्डो हसत होता. वस्ताद त्याला म्हणाले, "दात दाखवू नकोस, ते पाडायलाच तो आलाय."

सहाव्या फेरीपासून त्याचे वजन वाढू लागले. सातवीनंतर त्याचा एक डोळा मिटला. आठवी संपली तेव्हा तो चुकून समोरच्या कोपऱ्याकडे निघाला. वस्तादांनी आत धावत जाऊन त्याला दंडाला धरून आणले आणि तो माझ्यावर बसला. इतका जड तो कधीच नव्हता. माझे चारही पाय करकरले.

"पोरा, ऐकू येतंय का?"

"हो, वस्ताद."

"गुणांत तू पुढे आहेस. दोनच फेऱ्या राहिल्यात."

"हो." त्याने उघड्या डोळ्याने समोर पाहिले आणि हळूच विचारले, "वस्ताद, हा पोरगा कोण आहे?"

पाण्याचा स्पंज वस्तादांच्या हातात तसाच राहिला.

"तूच निवडलास त्याला."

"मी? कशासाठी?"

तो चेष्टा करत नव्हता. महिनाभर सगळे शहर ज्या प्रश्नावर भांडत होते, तोच आता तो विचारत होता, आणि उत्तर खरेच त्याच्यापाशी उरले नव्हते.

मित्रांनो, वस्तादांच्या तालमीतून तीस वर्षांत एकही विश्वविजेता झाला नव्हता. ते सत्तरीला टेकले होते. एव्हरार्डो ही त्यांचीही शेवटची संधी होती. घंटा झाली. एव्हरार्डो उठू लागला. वस्तादांनी दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले आणि सगळा भार टाकून त्याला माझ्यावर दाबून धरले.

"बस," ते म्हणाले. "आज एवढंच."

पंचाने हात हलवून लढत संपल्याचे आणि बारिओस जिंकल्याचे सांगितले. मग जे झाले ते आठवले की आजही शीण येतो. प्लॅस्टिकचे पेले, बर्फ, शिव्या, सगळे आमच्या कोपऱ्यात येऊन पडले. भित्रा म्हणून आरडाओरडा झाला. कुणी वस्तादांना म्हटले, कुणी एव्हरार्डोला. बारिओस मात्र नाचला नाही. तो आमच्याकडे आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"दादा, वर्षभर सगळे मला नाही म्हणत होते," तो म्हणाला. "तुम्ही हो म्हणालात."

एव्हरार्डोने मान हलवली. त्याला काय समजले, कोण जाणे.

दवाखान्यात त्याच्या डोक्यात रक्त साकळलेले निघाले. तो वाचला. पण आठ महिने त्याने तालमीत पाऊल टाकले नाही. वस्ताद रोज दार उघडायचे, माझ्यावर बसून रस्त्याकडे बघायचे आणि दार लावून जायचे.

मग एके दिवशी तो आला. वस्ताद उठले आणि त्यांनी मला त्याच्याकडे सरकवले. तो बसला.

"मी पुढे होतो," एव्हरार्डो म्हणाला.

"होतास."

"माझ्यासाठी थांबवलंत, की मी मेलो तर तालमीचं नाव जाईल म्हणून?"

वस्तादांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मला भीती वाटली, पोरा. तुझ्या जिवाची वाटली की नावाची, ते मी रोज इथे बसून शोधतो. सापडत नाही."

 एव्हरार्डोने उठून कोपऱ्यातली झाडू घेतली आणि तालीम झाडायला लागला. त्यानंतर तो रोज येऊ लागला.

वस्ताद जाऊन आता सहा वर्षे झाली. तालमीच्या जागी टायरचे दुकान आहे. लढतींना आता लोखंडी, फिरती स्टुले असतात, माझ्यासारख्यांना कुणी विचारत नाही. रस्त्यावर टाकलेल्या सामानातून इल्साने मला घरी आणले. मी त्यांच्या गॅलरीत असते. सकाळी एव्हरार्डो माझ्यावर बसून कंद सोलतो. कधी कधी सुरी हातात धरून थांबतो, पुढे काय करायचे ते त्याला आठवत नाही. मग इल्सा आतून सांगते.

खालून जाणारे अजून विचारतात, "काय ब्लेकमामा, खरं सांगा, छाती होती की डोकं?" तो हसतो. त्याला लढत आठवत नाही, हे तो कुणाला सांगत नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. कुणी लढून आला, तर तो का लढला हे नंतर विचारा. आधी त्याला बसू द्या, आणि घंटा झाली तरी त्याला धरून ठेवणारा कुणी आहे ना, ते बघा.

आणि कुणाला सवड झालीच, तर माझ्या मागच्या उजव्या पायाला एक खिळा ठोका. तो गेल्या महिन्यापासून हलतो आहे. एव्हरार्डोला सांगू नका, तो विसरेल. इल्साला सांगा.