खुंटीवरची निळी पिशवी

वर्षाराणीने दाराआडच्या खुंटीला ती निळी पिशवी टांगली, त्या दिवसापासून मनकर्णाबाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. तशी सून हुशार. मेडशी गावात चारचौघींत बसली की मनकर्णाबाई स्वतःच तिचं कौतुक सांगायची, फक्त सुनेच्या तोंडावर कधी नाही. पण ही हुशारी तिच्या पचनी पडेना. धडधाकट नातू अंगणात उड्या मारतो आहे आणि घरात त्याच्या दवाखान्याची पिशवी भरून तयार, ही कुठली रीत?

पिशवीत तीन वर्षांच्या प्रज्वलचे दोन जोड कपडे होते, टॉवेल, थर्मामीटर, तापाच्या औषधाची बाटली, बिस्किटाचा पुडा, दवाखान्याचे कागद आणि सगळ्यांत वर एक पिवळं कार्ड. मागच्या साली तापात झटका आला म्हणून पोराला वाशीमला नेलं, तिथं एक सुई दिली आणि मिनिटभरात त्याचं तोंड सुजलं, ओठ काळेनिळे पडले. डॉक्टर हजर होते म्हणून वाचला. त्या औषधाचं नाव त्यांनीच कार्डावर लिहून दिलं होतं. कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी पोराला हात लावू देण्याआधी हे दाखवायचं, असं दोनदा बजावलं होतं. सुनेने त्याचा मोबाईलवर फोटोही काढला होता, पण तो मोबाईल उन्हाळ्यात हौदात पडला तो पडलाच.

दर सोमवारी वर्षाराणी पिशवी खाली उतरवून सगळं तपासायची. मोठ्या वैष्णवीलाही तिने पढवून ठेवलं होतं: आई भाऊला घेऊन एकदम निघाली, तर रडायचं नाही, थेट शेजारच्या पल्लवीकाकूकडे जायचं. सात वर्षांची पोर ते पाढ्यासारखं म्हणून दाखवायची. मनकर्णाबाई वरवर हसायची. आमच्या घरात रोज कोणीतरी एस्टीला निघाल्यासारखं असतं, म्हणायची. आतून मात्र तिच्या अंगावर काटा यायचा.

त्याला कारण होतं. मुलगा भागवत, त्याच्या आधी तिला एक मुलगी होती, द्वारका. दम्याची. सारखं दवाखान्यात न्यावं लागे म्हणून मनकर्णाबाईने तिचं गाठोडं कायम बांधून ठेवलेलं. एकदा ते गाठोडं गेलं आणि एकटंच परत आलं, आतल्या फ्रॉकची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं, की बांधून ठेवलेलं गाठोडं दुखण्याला बोलावणं धाडतं. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगून कोण ऐकणार होतं?

तिच्या माहेरी दुखणं गेलं की त्याच्या वस्तू घरात ठेवत नसत. लेकरावरून उतरवून वाहत्या पाण्यात सोडत. बुधवारी अवस होती. सून शेतात तुरीवर फवारणीला गेलेली, प्रज्वल झोपलेला. मनकर्णाबाईने पिशवीतली बाटली, थर्मामीटर, सगळे कागद एका फडक्यात बांधले, नातवावरून सात वेळा उतरवले आणि नाल्याच्या पुलावरून खाली सोडून दिले. पिवळं कार्डही त्यातच गेलं. तिला वाचता येत नव्हतं, पण सगळ्या दुखण्याचं मूळ तेच, अशी तिची पक्की खात्री होती. कपडे, टॉवेल, बिस्किटाचा पुडा तिने पेटीत ठेवले. सुनेच्या लक्षात येऊ नये म्हणून पिशवीत जुनं लुगडं कोंबलं आणि ती पुन्हा खुंटीला लावली. सोमवारी सून पिशवी तपासेल तेव्हा काय ते बोलू, असं ठरवून त्या रात्री ती गाढ झोपली.

सोमवार उजाडायच्या आत शनिवार आला. सकाळपासून प्रज्वलचं अंग कोमट होतं, दुपारी तव्यासारखं तापलं, आणि अंगणात खेळता खेळता त्याचे डोळे वर गेले. वर्षाराणीने त्याला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, झटका ओसरेपर्यंत नव्या मोबाईलवर वेळ पाहिली. भागवत शेलूबाजारला गेलेला. शेजारच्या नरेंद्रने गाडी काढली, वैष्णवी न रडता पल्लवीकाकूच्या घरात शिरली. वर्षाराणीने आखलं होतं तसं सगळं बिनबोभाट झालं. गाडीत बसता बसता तिने पिशवी सासूच्या मांडीवर ठेवली.

"आत्याबाई, पोचलो का पह्यले कार्ड दाखवजा. मी कुठंबी असो, तुमी दाखवजा."

मनकर्णाबाईने मान हलवली. पिशवी हलकी नव्हती, तेवढंच तिने साधलं होतं. मालेगाव यायच्या आत सुनेने ओला टॉवेल मागितला. मनकर्णाबाईने आपल्या पदराचं टोक नरेंद्रच्या बाटलीतल्या पाण्यात भिजवून दिलं. मालेगाव मागे पडल्यावर तिने तापाचं औषध मागितलं. गाडी हलते, सांडेल, असं काहीतरी सासू पुटपुटली. वर्षाराणीने एकदा तिच्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात पोर कण्हलं आणि ती खाली वाकली. आता सांगावं, आता सांगावं, असं म्हणता म्हणता मनकर्णाबाईने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर फुलोऱ्यावर आलेली तूर पिवळी दिसत होती आणि तिला त्या रंगाकडे बघवेना.

वाशीम लागताच जो पहिला दवाखाना आला, मागच्या सालचा नव्हे, तिथंच नरेंद्रने गाडी थांबवली. आत गर्दी होती. वर्षाराणी खिडकीवर नाव नोंदवत होती तोवर डॉक्टरांनी पोराला तपासून औषधं लिहिली आणि तिला लगेच खाली मेडिकलमध्ये पाठवलं. जाताना तिने सासूच्या मांडीवरच्या पिशवीकडे बोट दाखवलं. नर्सने प्रज्वलच्या हाताला सलाइन लावलं, मग खाली मान घालूनच विचारलं, की याला कोणतं औषध चालत नाही असं काही आहे का.

मनकर्णाबाईने पिशवी पोटाशी ओढली. नर्सने नाही असं समजून कागदावर खूण केली.

आता बोललं तर सुनेला कळणार, भागवतला कळणार, अख्ख्या गावाला कळणार. आणि सगळ्या सुया काय सारख्या असतात? ही दुसरी असेल. ताप उतरवायची असेल. मनकर्णाबाई स्वतःची समजूत घालत होती आणि नर्स सुईत औषध भरत होती. तिने सुई उजेडात धरून हवा काढली. प्रज्वलने अर्धवट डोळे उघडून आजीकडे पाहिलं आणि सवयीने तिचं बोट पकडलं. शेवटच्या दिवशी द्वारकेने हेच बोट धरलं होतं. सुई सलाइनच्या नळीला लागली तशी मनकर्णाबाईने झडप घालून नर्सचं मनगट धरलं.

"थांबा बाई. याले एक सुई चालत नाई. कार्ड होतं, म्या नाल्यात सोडलं."

नर्सला आधी काही कळेना. मग डॉक्टर आले. पुन्हा सांगावं लागलं, सगळ्या पेशंटांसमोर. औषधाचं नाव काय? ते तिला ठाऊक नव्हतं. वर्षाराणी औषधं घेऊन दारात आली तेव्हा सासूच्या पायाशी पिशवी उघडी पडली होती आणि आतून लुगडं बाहेर लोंबत होतं. तिलाही ते नाव धड आठवेना. मागच्या सालच्या दवाखान्याचं तेवढं आठवलं. डॉक्टरांनी तिथं फोन लावला, जुने कागद शोधेपर्यंत सगळे उभे राहिले. पलीकडून नाव आलं. डॉक्टरांनी भरलेल्या सुईकडे पाहिलं.

"हेच होतं," ते म्हणाले.

नर्सने ती सुई कचऱ्यात टाकली. दुसरं औषध दिलं, ताप उतरला, तिसऱ्या दिवशी प्रज्वल घरी आला. वर्षाराणी सासूला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मनकर्णाबाईला वाटलं. ती जवळ गेली की सून पोराला हळूच आपल्याकडे घेई.

सोमवारी खुंटीवर पुन्हा निळी पिशवी आली, काठोकाठ भरलेली. तिच्या चेनला पेटीचं छोटं कुलूप होतं आणि किल्ली वर्षाराणीच्या मंगळसूत्रात. पुढच्या अवसेला मनकर्णाबाई दाराआड बराच वेळ उभी राहिली. भरलेल्या पिशवीची भीती तिची अजून गेली नव्हती. तिने हात वर केला, कुलपाला लावला आणि ते नीट लागलं आहे ना, एवढं ओढून पाहिलं.